गजराज गवताची कानगोष्ट

लॉगॅरिदमचं पुस्तक आणि यादृच्छिक, म्हणजे मुद्दाम बिनक्रमाच्या, आकड्यांचं पुस्तक अंधारात ओळखू आलं नाही, तर एक वेळ समजून घेता येतं. मला ते भर सकाळी ओळखू आलं नाही. दोन्ही पातळ, दोन्हींची कव्हरं मळकट निळी, आणि आत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते आकडे. एक माझ्या साळ्याचं, दुसरं माझ्या खात्याचं. निघायच्या घाईत मी साळ्याचं उचललं, सायकलच्या कॅरिअरला अडकवलं आणि शेतावर पोचलो. आकडे वाचून पहिल्या चार वाफ्यांना खताच्या मात्रा ठरवल्या. पुढच्या चार वाफ्यांनाही त्याच क्रमानं मात्रा आल्या. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मला वाटलं, नशीब आज फारच शिस्तीत चाललंय. मग कव्हर उघडून पाहिलं. आत जांभळ्या शाईत साळ्याचं नाव होतं आणि खाली 'कृपया परत करावे'.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळच्या एका लहानशा चारा संशोधन उपकेंद्रात मी संशोधन सहायक होतो. उपकेंद्र म्हणजे एक विहीर, एक गोदाम, एक वजनकाटा आणि मी. लग्न ठरताना सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं, "जावई काय करते?" मध्यस्थ म्हणाला, "शास्त्रज्ञ आहेत." "कशाचे?" "गवताचे." सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पण नोकरी पक्की आहे न?"

नोकरी पक्की होती, केंद्र पक्कं नव्हतं. आमचा भाग धानाचा. इथली जनावरं वर्षभर तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा खाऊन जगतात आणि तेवढंच दूध देतात. त्यांना हिरवा चारा मिळावा म्हणून खात्यानं गजराज नावाचं उंच, पुरुषभर वाढणारं गवत आणलं होतं. एकदा लावलं की कापत राहायचं, ते पुन्हा फुटत राहतं. प्रश्न एवढाच, की दर कापणीनंतर त्याला युरिया किती द्यावा. त्याचं उत्तर मी काढायचं होतं. उत्तर चांगलं निघालं तर केंद्र कायम होणार. नाही निघालं तर केंद्राला कुलूप आणि माझी बदली दूर जंगलातल्या एटापल्लीला. आमच्या खात्यात एटापल्ली ही शिक्षा समजत. एटापल्लीच्या लोकांना याबद्दल काय वाटतं हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

मला एटापल्लीचं भय नव्हतं. भय होतं ते घरातलं. आमच्या सौभाग्यवतींना, शालिनीला, वाट पाहून पाहून सावलीच्याच शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. तिनं मला एकदाच आणि शांतपणे सांगितलं होतं, "तुमची बदली झाली तं तुम्ही जा जी. मी दिवाळीच्या सुट्टीत येत जाईन." मग ती पोळी लाटत राहिली. पण त्या दिवसापासून गजराज गवत हा माझ्या संसाराचा प्रश्न झाला.

आता थोडं शास्त्र सांगतो. खताचा प्रयोग असा असतो: जमिनीचे सारख्या मापाचे वाफे पाडायचे. काहींना खत द्यायचं नाही, काहींना थोडं, काहींना मध्यम, काहींना भरपूर. मग गवत कापून वजन करायचं. पण कोणत्या वाफ्याला किती खत, हे आपण ठरवायचं नाही. कारण माणूस चांगल्या जमिनीवर चांगलं खत टाकून मोकळा होतो. म्हणून अर्थहीन आकड्यांचं ते पुस्तक लागतं. त्यातले आकडे मुद्दाम अर्थहीन ठेवलेले असतात, आणि ते ठेवायलाही मोठे गणिती लागतात. आमच्या शास्त्रात सगळ्यात मोठा संशय शास्त्रज्ञावरच घेतलेला आहे, आणि माझ्या बाबतीत तो योग्य होता.

पुस्तकासाठी घरी परत जायचं म्हणजे दुपार झाली असती. बायका लागवडीला येऊन थांबल्या होत्या. मला साळ्याचं एक बोलणं आठवलं. साळा म्हणजे मधुकर, चंद्रपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. शिकवायचा प्रयोगाचं, पण जीव सैद्धांतिकात. म्हणजे ज्यात उपकरण लागत नाही, कागद लागतो. तो एकदा म्हणाला होता, "भाऊजी, डब्यातल्या चिठ्ठ्या नीट हलवल्या तं त्या तुमच्या पुस्तकाइतक्याच बेभरवशाच्या असतात." झालं. मी चिठ्ठ्या केल्या. सोळा वाफे होते आणि योगायोगानं बायकाही सोळाच आल्या होत्या. गोंधळ नको म्हणून मी सांगितलं, "एकेकीनं एकेका वाफ्यावर उभं राहायचं. उभ्या आहात तो वाफा तुमचा. चिठ्ठीत निघेल ते तुमच्या वाफ्याला."

त्या एकदम गंभीर झाल्या. डोक्यावर पदर घेतले. मी टोपीतून चिठ्ठी काढायचो आणि ज्या त्या बाईच्या हातात द्यायचो. कोणी हसलं नाही, कोणी बोललं नाही. मला वाटलं, खेड्यात विज्ञानाबद्दल आदर वाढतो आहे. पारबताबाई नावाच्या वयस्क बाईला शून्याची चिठ्ठी निघाली. तिनं विचारलं, "म्हंजे काय जी?" मी म्हणालो, "म्हणजे तुमच्या वाफ्याला काही नाही." पंगतीत आपलं पान वाढायचं राहून गेल्यावर माणूस जसा बसतो तशी ती बांधावर बसली. बाजूच्याच वाफ्यावर तिची धाकटी जाऊ गीताबाई होती. तिला सगळ्यात मोठी मात्रा निघाली. गीताबाईला त्याचा आनंद झाला नाही, उलट ती ओशाळली. मी तेही विज्ञानाच्या खात्यात जमा केलं.

गवत लागलं. पहिली कापणी झाली. मी वजनं घेतली. कापलेल्या चाऱ्याचं काय करायचं हे कोणत्याही नियमात नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "घेऊन जा." प्रत्येकीनं आपापल्या वाफ्याचं गवत बांधून डोक्यावर घेतलं आणि त्या गेल्या. मग खताची वेळ आली. मी गोदामात बसून वाफ्यागणिक युरियाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीला तिची पुडी दिली, कसं टाकायचं ते दाखवलं आणि जेवायला घरी गेलो. ज्यांना शून्य, त्यांना पुडी नाही. संध्याकाळी विचारलं, "खत टाकलं न?" पारबताबाईच म्हणाली, "टाकलं जी. एक दाणा वाया नाई जाऊ देल्ला." मला तिचा मोठेपणा वाटला. स्वतःला काही मिळालं नाही तरी दुसऱ्यांच्या दाण्याची काळजी.

त्या हंगामात वाफ्यांची निगा अशी राहिली की विचारू नका. तणाचं नाव नाही. मोठ्या साहेबांना पाठवलेल्या अहवालात मी 'मजुरांचे काटेकोर व्यवस्थापन' असे शब्द घातले. दुसऱ्या कापणीची वजनं घेतली आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

सगळे वाफे सारखे.

ज्याला काही दिलं नाही तोही तेवढाच, ज्याला भरभरून दिलं तोही तेवढाच. आलेखाच्या कागदावर रेघ चढत जायला पाहिजे होती. ती आडवी झोपली होती. म्हणजे खताचा उपयोग नाही. म्हणजे प्रयोगाचा उपयोग नाही. म्हणजे माझा नाही. शालिनीनं ताट तसंच परत नेताना विचारलं, "काय झालं जी?" मी म्हणालो, "गवत ऐकून नाही राह्यलं." ती म्हणाली, "तुमचं घरात कोण ऐकते, तं गवत ऐकन."

शनिवारी मधुकर आला. त्यानं आलेख पाहिला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला राग आला. "भाऊजी, ही साधी गोष्ट नाई. कारण बदललं आणि परिणाम बदलला नाई, तं आत काहीतरी कायम आहे. आमच्या शास्त्रात सगळे मोठे नियम असेच सापडतात. काय बदलत नाई ते शोधा." मग त्यानं लग्नपत्रिकांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. आमच्याकडे लग्नपत्रिका पुष्कळ यायच्या, त्यामुळे सिद्धांताला कागद कमी पडला नाही. दोन दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. शालिनी चहा नेऊन ठेवायची आणि गार झालेला परत आणायची.

सोमवारी सकाळी तो बाहेर आला. "भाऊजी, प्रत्येक वाफा असा वागून राह्यला, जसं त्याले सगळ्यांची सरासरी मिळाली आहे. शून्यवाल्यालेही सरासरी, जास्तवाल्यालेही सरासरी. नेमकी. म्हंजे प्रत्येक वाफ्याले बाकीच्या वाफ्यांची खबर आहे."

"खबर कोण देतो?"

"मुळं." तो हळूच म्हणाला, जसं काही मुळं ऐकतील.

म्हणजे जमिनीखाली गजराजची मुळं एकमेकांत गुंतून खत वाटून घेतात, असा सिद्धांत. खरं सांगतो, मला तो पटला. पटायला मला एटापल्लीचा आधार होता. हे खरं निघालं तर केंद्र कायमच काय, देशभर गाजणार होतं. खात्री करायला आम्ही वाफ्यावाफ्यांमधून खोल चर खणले, की मुळांचा संबंध तुटावा. बायकांनी ते मोठ्या उत्साहानं खणले. पाणी साचत नाही म्हणून त्या खूशच होत्या. पुढची कापणी झाली. रेघ पुन्हा आडवी. मधुकर म्हणाला, "मुळं नाईत तं मंग पानं. हवेतून." त्यानं लग्नपत्रिकांची दुसरी चळत मागितली.

मी साहेबांना कळवलं. शब्द जपूनच वापरले, 'असाधारण निरीक्षण' वगैरे. साहेब साताऱ्याकडचे, सडपातळ, कमी बोलणारे. ते एका सकाळी जीपनं आले. मधुकरनं शाळेतून फळा मागून आणला होता. बांधावर फळा उभा करून तो बोलला, मुळं, पानं, सरासरी, कायम राहणारी राशी. एवढ्या जणांपुढे आपला सिद्धांत मांडायची त्याची पहिलीच वेळ होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आज कापणी आहे ना? मग कापणीनंतरचं खत माझ्यासमोर टाका."

कापणी झाली, वजनं झाली. रेघ आडवीच. मी अभिमानानं साहेबांकडे पाहिलं. मग पुड्या वाटल्या. या वेळी मात्र जेवायला गेलो नाही. नेहमी जायचो, आज साहेब होते.

बायका पुड्या घेऊन वाफ्यांवर गेल्या नाहीत. त्या सगळ्या विहिरीजवळच्या मोहाच्या झाडाखाली गेल्या. पारबताबाईनं घमेलं मधोमध ठेवलं. गीताबाईनं आपली मोठी पुडी फोडून त्यात ओतली. मग दुसरीनं, तिसरीनं. सगळ्या पुड्या घमेल्यात गेल्या. पारबताबाईनं हातानं नीट एकजीव केलं आणि टमरेलानं मापून सोळा जणींच्या पदरात सारखं सारखं घातलं. शून्यवालीलाही तेवढंच. कोणी आमच्याकडे चोरून पाहिलं नाही, कोणी लपवलं नाही. रोजच्या कामासारखं काम.

मला विहीर जवळ असल्याची जाणीव झाली.

साहेब झाडाखाली गेले. "बाई, हे काय करताय?"

"खत एक करून राह्यलो जी," पारबताबाई म्हणाली.

"पण यांनी प्रत्येकीला वेगवेगळं दिलं ना?"

"देल्लं जी. हे साहेब भोळे आहेत. चिठ्ठीत निघालं तेवढंच देते. मले काईच नाई निघालं, गीतीले येवढं मोठं निघालं. मंग आपल्यालेच करा लागते न सारखं."

"कुणी सांगितलं असं करायला?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग गीताबाईनं समजावलं, जसं परगावच्या पाहुण्याला समजावतात. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की त्याच्या पोटात गवत उगवतं. त्याचे तुकडे पाडतात. एकेका घरचं माणूस एकेका तुकड्यावर उभं राहतं आणि चिठ्ठी निघते. चिठ्ठीनं आलेला तुकडा तलावात पुन्हा पाणी भरेपर्यंत त्या घरचा. ज्याच्या नशिबी खडकाळ तुकडा येतो त्याला बाकीचे आपल्यातून भरून देतात. "या साहेबानं बी तसंच केलं. उभं केलं, चिठ्ठी काढली, म्हणाले वाफा तुमचा. गवत बी नेऊ देल्लं. मंग आमी बी आमच्या रीतीनं केलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. चपलांना युरिया लागला होता.

तेवढ्यात फळ्यापाशी बसलेला मधुकर उठून आला. मला वाटलं, आता हा कोसळणार. पण त्याचे डोळे चमकत होते. "भाऊजी, सरासरी," तो म्हणाला. "मी काय म्हटलं होतं? प्रत्येक वाफ्याले बाकीच्यांची खबर आहे. गणित एका दाण्यानं चुकलं नाई. फक्त मुळांच्या जागी बाया लिहाच्या." त्या दिवशी शेतावर एकच माणूस समाधानी होता आणि तो सैद्धांतिक होता. पुढे त्यानं तो निबंध कुठंही पाठवला नाही. मला त्याची चुटपूट अजून आहे. मुळांवर छापणारे पुष्कळ आहेत, बायांच्या वाटणीवर भौतिकशास्त्रात कोण छापणार.

साहेब बायकांना म्हणाले, "ही चिठ्ठी रद्द करू. नव्यानं काढू. आणि यापुढं खत एकत्र करायचं नाही."

"चिठ्ठी कशी रद्द होते जी?" पारबताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या तिकडं होत असन. इथी नाई होत. आन खत एक नाई केलं तं माह्या म्हशीनं काय खावं? शून्य?"

मला वाटलं, संपलं. बायका उद्या येणार नाहीत, वाफे त्यांचे, खत त्यांचं, आणि मी एटापल्लीच्या वाटेवर. साहेबांनी त्या घमेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, आम्हाला वजनाशी काम आहे. गवताशी नाही. वजन होईपर्यंत जिचं तिचं वेगळं ठेवा. काट्यावरून उतरलं की सगळं गवत एकत्र करा आणि सारखं वाटून घ्या. मग म्हैस उपाशी राहील का?"

बायकांनी आपसात कुजबूज केली. पारबताबाई परत आली, थोडी वैतागलेली. "कापल्यावर एक कराचं होतं? हे आधीच सांगतलं असतं तं मी घरून दर खेपेले घमेलं काऊन आणलं असतं जी?"

पुढचं शास्त्र दोन वाक्यांत सांगता येतं. पुढच्या हंगामापासून रेघ सरळ चढली, एका जागी वळली आणि वळली तिथंच आम्हाला पाहिजे होती ती मात्रा सापडली. आणि काट्यापलीकडे, मोहाच्या झाडाखाली, दर कापणीला गवताचे सोळा सारखे भारे बांधले जायचे, त्यांत कोण कोणत्या वाफ्याचं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मला ते बघायला आवडायचं. माझ्या सहीचे अहवाल मी पुष्कळ लिहिले, पण त्या भाऱ्यांबद्दल एकाही अहवालात एक ओळ लिहिली नाही. रकाना नव्हता.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. साहेब जीपमध्ये बसले तेव्हा मी काचेपाशी जाऊन विचारलं, "सर, मग केंद्राचं?"

"तुमचा या वर्षीचा प्रयोग रद्द," साहेब म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीची सुट्टी उभी राहिली. साहेब पुढं म्हणाले, "प्रयोग पूर्ण झाला असता तर केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ठरवता आलं असतं. रद्द झाला म्हणजे पहिल्यापासून करावा लागणार. पूर्ण मुदत. आणि काम अपुरं असलेलं केंद्र बंद करता येत नाही, तसा नियमच आहे." मग पहिल्यांदाच जरासे हसले. "पुढच्या वेळी चिठ्ठ्या गोदामात काढा. दार लावून."

मी सायकल घराकडे दामटली. मधुकर मागं कॅरिअरवर, फळा त्याच्या मांडीवर. शालिनी दारातच होती. कापणीनंतर बायका तिच्या शाळेवरूनच घरी जायच्या, त्यामुळे तिला सगळं कळलं होतं. मी तरी सुरुवातीपासून सांगितलं. लॉगॅरिदमचं पुस्तक, चिठ्ठ्या, घमेलं, साहेब. शेवटी म्हणालो, "म्हणजे बघ, इतकं सगळं चुकलं, म्हणून बदली टळली. बरोबर आलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे."

तिनं मधुकरच्या हातातला फळा घेतला, पदरानं त्यावरची मुळं पुसली आणि शाळेत परत न्यायला भिंतीशी टेकवून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या खेपेले काय चुकवाचं ते आधी मले विचारत जा जी. येवढी मोठी गोष्ट तुमच्या एकट्याच्या भरवशावर नाई ठेवता येत."